थांब, येतोय

दुपारी गिऱ्हाईक नसतं, शटर अर्धं ओढलेलं असतं, दत्त चौकाकडून येणारा ऑटोंचा गलका उन्हाने मंदावलेला असतो. अशा वेळी मी संगणकावर एखादी जुनी फाइल उघडते आणि मागच्या खोलीतून तो आवाज येतो. आधी नुसती शांतता. मग कुठून तरी खालून एक बारीक घुंकार सुरू होतो, चढत चढत एका सुरावर येऊन ठरतो. त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा, मग चौथा, चारही एकमेकांत मिसळतात, आणि त्यांच्यावरून दोनचारदा हलकंसं कुटकुट वाजून जातं. तेवढ्यात पडद्यावर चेहरा उमटतो. झोपलेल्या हार्ड डिस्क जाग्या व्हायला जे काही क्षण लागतात, त्यांना लोक कंटाळतात, बोटांनी टेबल वाजवतात, माउस पुन्हा पुन्हा दाबतात. मला ते क्षण फार आवडतात. मी हात मांडीवर ठेवून ऐकत बसते.

तो आवाज आला की मला बाबांचा काळोख आठवतो.

आमच्या जुन्या स्टुडिओत जिन्याखाली डार्करूम होती. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याला जागा उरायची नाही, म्हणून मला स्टुलावर उभं करायचे. लाल बल्ब, ओळीने मांडलेले तीन ट्रे, चित्र पक्कं करणाऱ्या हायपोचा आंबूस, नाकाच्या मुळाशी चढणारा वास. बाबा एन्लार्जरखालचा कागद उचलून डेव्हलपरमध्ये सरकवायचे आणि ट्रेचा एक कोपरा जरासा उचलून पुन्हा टेकवायचे. औषध कागदावरून जायचं, यायचं, जायचं, यायचं. कागदावर काहीच नसायचं. "बाबा, कुठे आहे?" मी विचारायची. "थांब, येतोय." मग आधी केस यायचे, मग भुवया, मग डोळ्यांतल्या बाहुल्या, मग कोटाची कॉलर, आणि त्या काळ्या खुणांच्या मधोमध हळूहळू माणूस यायचा. दारव्ह्याचा कुणी मास्तर, नेरची कुणी नवी नवरी, कळंबच्या चिंतामणीला जाऊन आलेलं एखादं अख्खं कुटुंब. बाबा त्यांच्याकडे असे बघायचे की वाटावं, खरंच कुणी तरी लांबून चालत येतंय आणि आपण दारात उभे आहोत.

चेहरा आला म्हणजे काम झालं, असं मला वाटायचं. बाबांचं खरं काम पुढे असायचं. प्रिंट धुणं. कागदात हायपो राहिला की काही वर्षांनी चेहरे पिवळे, तपकिरी पडतात, आणि ते पडतात तेव्हा धुणारा माणूस समोर नसतो. यवतमाळचं पाणी तेव्हा निळोण्याच्या धरणाचं. उन्हाळ्यात धरण तळाला गेलं की नळाची वाट बघत दिवस मोजायचे. आई प्यायच्या पाण्यावर झाकण घालून त्यावर वरवंटा ठेवायची. पण प्रिंट धुवायचा एक ड्रम बाबांनी वेगळा राखलेला असायचा आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. बादलीतलं पाणी बदलायचं, प्रिंट पालथे घालायचे, पुन्हा पाणी बदलायचं. त्या पाण्यावरून आई-बाबांची भांडणं झाली, आणि ती मला आता गोड वाटतात, कारण त्या पाण्यात धुतलेले चेहरे आजही जसेच्या तसे पांढरे-काळे आहेत.

डार्करूम गेली. तिच्या जागी आता एक काळा चौकोनी डबा आहे, त्यात चार कप्पे, चार कप्प्यांत चार डिस्क. कंपनीच्या कागदावर त्याचं नाव नॅस. घरात आम्ही त्याला डबाच म्हणतो. दुकानातला संगणक, भावाचा लॅपटॉप, वरच्या खोलीतला स्कॅनर, सगळे एका वायरीने त्याच्याशी बोलतात. भाऊ लग्नं काढतो आणि मी सांभाळते. बारशी, साखरपुडे, पोळ्याला सजवलेले बैल, शाळांची गॅदरिंगं, आणि बाबांच्या निगेटिव्ह. बटरपेपरच्या पाकिटांतून काढून, मऊ ब्रशने झटकून, एकेक स्कॅन केलेल्या. त्यात 1973 चं साहित्य संमेलन आहे, ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते ते. बाबा तेव्हा दुसऱ्याच्या स्टुडिओत शिकाऊ होते आणि उसन्या याशिका कॅमेऱ्याने त्यांनी काही फोटो काढले. त्यात मूर्तिजापूरकडे निघालेली शकुंतला आगगाडी आहे, अजून वाफेच्या इंजिनाची. ते इंजिन 1994 ला उतरलं. आणि त्याच यादीत थोडं खाली 2019 चं संमेलन आहे, अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या ते, भावाने काढलेलं. उद्घाटनाला व्यासपीठावर उभ्या असलेल्या वैशाली येडे, आमच्याच जिल्ह्यातल्या, शेतकऱ्याच्या विधवा. मधल्या सगळ्या वर्षांचं यवतमाळ त्या डब्यात निजलेलं असतं, आणि कुणी नाव घेतलं की घुंकारत जागं होतं.

नाव घ्यायला माणसं येतात. जुने फोटो लोक हौसेने मागतात असं वाटत होतं, पण बहुतेक वेळा ते हार घालायला मागतात.

घाटंजीकडून एक आजी आली होती. पायरीवर चपला काढून आत आली आणि खुर्चीवर न बसता खुर्चीला हात धरून उभी राहिली. "माय, माह्या लेकाचा फोटो सापडन का वं तुह्याजवळ?" लेकाचा स्वतःचा असा एकही फोटो घरात नव्हता. शेजारणीच्या पोरीच्या लग्नात आमचा माणूस कॅमेरा घेऊन गेला होता, त्यात तो असेल, एवढंच तिला ठाऊक. नवरीचं नाव सांगितलं, आणि साल म्हणून सांगितलं ते एवढंच की त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता. तो कसा गेला ते मी विचारलं नाही. आमच्या जिल्ह्यात ते विचारत नाहीत. मी फोल्डर उघडलं, मागच्या खोलीत एकामागून एक डिस्क जाग्या होऊ लागल्या, आणि तिने दचकून तिकडे पाहिलं. माझ्या तोंडून आपोआप गेलं, "थांबा आजी, येतोय."

तो पंगतीत होता. हातात वरणाची बादली, बाह्या वर सारलेल्या, कुणीतरी काही बोललं असणार म्हणून मान मागे टाकून हसणारा. मी नेहमीप्रमाणे चेहऱ्याभोवती चौकट ओढली आणि बाकीचं कापायला निघाले, तर तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. "बादली नको काहाडू, माय. वाढताना हसून राह्यला ना थो." तसाच मोठा करून दिला, बादलीसकट. लग्नाचा अल्बम त्या शेजारणीला देऊन किती तरी वर्षं झाली होती. धंद्याच्या हिशेबाने त्या फाइली कधीच्याच पुसायला हव्या होत्या. पुष्कळ स्टुडिओ पुसतात, आणि त्यांचं मी समजू शकते, डिस्क फुकट येत नाही. पण अल्बममध्ये न गेलेला, निवडीत बाद झालेला तो फोटो ठेवला म्हणून होता.

तर असा तो डबा भरत आला. तीन-तीन टीबीच्या चार डिस्क, त्यातले वापरायला नऊ, आणि त्या नऊमध्ये आता नवं लग्न मावेना. शिवाय वर्षानुवर्षं ऐकून माझा कान तयार झालाय. तिसऱ्या कप्प्यातल्या डिस्कचा सूर बदलला होता. ती इतरांपेक्षा उशिरा चढायची आणि वर पोचल्यावर जरा थरथरायची. यंत्राने स्वतःच ठेवलेला तब्येतीचा तक्ता पाहिला, तर खराब झालेल्या जागांचा आकडा हलू लागला होता. आठ-आठ टीबीच्या चार नव्या डिस्क घ्यायच्या ठरल्या. निवडताना मी एकाच गोष्टीवर अडून बसले. काही डिस्कवर जागा वाचवायला मजकुराचे पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात, छपरावरच्या कवेलूंसारखे. मधला एक बदलायचा तर त्याच्यावरचे ओळीने उचलावे लागतात. नुसतं साठवून ठेवायला ते चालतं, पण अशा डब्यात, जिथे एक दिवस अख्खी डिस्क नव्याने लिहायची वेळ येते, तिथे ती लिहिता लिहिता रेंगाळते. पट्टे शेजारी-शेजारी असलेल्याच हव्यात म्हटलं. नागपूरहून मागवाव्या लागल्या.

मला या डब्याचं सगळ्यात आवडतं ते त्याचं स्मरण. समजा तीन आकडे आहेत आणि चौथ्या जागी त्यांची बेरीज लिहून ठेवली आहे. तिघांतला कुठलाही एक पुसला गेला, तरी बेरजेतून उरलेले दोन वजा केले की तो परत येतो. यंत्रातली बेरीज शून्य-एकाची, जरा निराळी, पण तत्त्व हेच. शिवाय ती बेरीज एकीच्याच डोक्यावर ठेवलेली नसते. आळीपाळीने चारही डिस्कवर वाटलेली असते. त्यामुळे कुठलीही एक डिस्क काढा, तिच्यावर जे होतं ते बाकीच्या तिघींना मिळून सांगता येतं, आणि नवी कोरी डिस्क त्या जागी सरकवली की त्या तिघी तिला सगळं सांगून लिहून घेतात. अशी एकेक करून चारही बदलली की शेवटी जागा वाढते, आणि मधल्या काळात एकही फाइल हलत नाही. 1988 साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी या मांडणीवर निबंध लिहिला, तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न स्वस्त, छोट्या डिस्क एकत्र बांधायचा होता. मला मात्र ते वाचताना लीळाचरित्र आठवत राहिलं.

म्हाइंभटाने गावोगाव हिंडून, ज्यांनी ज्यांनी चक्रधरस्वामींना पाहिलं-ऐकलं त्यांच्याजवळ बसून लीळा गोळा केल्या आणि ऋद्धिपुरात त्यांचा ग्रंथ केला. तेराव्या शतकाचा उत्तरार्ध होता, आणि ऋद्धिपूर आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं. पुढे खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती मूळ पोथी गेली. गेलीच. पण ज्यांनी ती ऐकली होती, पाठ केली होती, ती माणसं उरली होती. हिराइसा एकपाठी, एकदा ऐकलेलं विसरत नसे असं परंपरा सांगते. तिच्या आणि इतरांच्या आठवणींतून लीळा पुन्हा उभ्या राहिल्या, म्हणूनच आज लीळाचरित्राचे एकाहून अधिक पाठ आहेत आणि त्यांत फरक आहेत. मग चक्रधरांच्या महानुभाव पंथाने पोथ्या उतरवल्या, उतरवलेल्या पुन्हा उतरवल्या, सकळ लिपीत, सुंदरी लिपीत, जुना कागद खचायच्या आत नव्या कागदावर. यवतमाळचे डॉ. य. खु. देशपांडे, शारदाश्रम या संस्थेचे, यांनी या पोथ्यांपायी आयुष्य घातलं. महानुभावीय मराठी वाङ्मयावरचं त्यांचं पुस्तक 1925 चं. बाबा लहानपणी मला शारदाश्रमासमोरून नेताना सायकलचा वेग कमी करायचे. मराठीतलं हे आद्य गद्य हाताने उतरवत उतरवत आपल्यापर्यंत आलंय, आणि दर वेळी कुणीतरी जुनी पोथी वाचता येत होती तोवरच नवी करायला बसलं होतं.

डिस्कच्या बाबतीत हे 'तोवरच' फार महत्त्वाचं. एक डिस्क काढली की उरलेल्या तिघींना पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं वाचून काढावं लागतं. त्या एकाच वयाच्या, एकाच दिवशी घेतलेल्या, सारख्याच दमलेल्या. वाचता वाचता तिघींतली एखादी बसली, तर नऊच्या नऊ टीबी जातात, बाबांच्या निगेटिव्हच्या स्कॅनपासून त्या वरणाच्या बादलीपर्यंत. म्हणून आपल्याकडे चार डिस्कचा डबा आहे एवढ्यावर निर्धास्त राहणाऱ्यांचं मला मनापासून वाईट वाटतं. तो डबा एक डिस्क गेल्याचं दुःख सोसतो. चोरी, आग, चुकून पुसलेलं फोल्डर, दारातून आत आलेलं पाणी, यांपुढे त्याचं काही चालत नाही. जुलै 2023 च्या पुराच्या रात्री वाघाडी नदीचं पाणी सखल वस्त्यांत शिरलं, तेव्हा लोक कागदपत्रं डोक्यावर धरून निघाले होते. म्हणून आधी दुसरी प्रत हवी, वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या गावी. इंटरनेटवर चढवायची तर आमच्या जोडणीने महिन्याच्या वर गेले असते.

थंडी पडेपर्यंत थांबले. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, डिस्क तापतात आणि लाईन कधी जाईल सांगता येत नाही. पौषात सगळं एका मोठ्या बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. उतरवलं एवढ्याने भागत नाही; प्रत्येक फाइलचा एक आकडी ठसा काढून मुळाच्या ठशाशी ताडून पाहिला, आणि तरीही समाधान होईना म्हणून मधूनमधून फाइली उघडून चेहरे बघितले. शकुंतला दिसली. नेरची नवरी दिसली. मग ती डिस्क मऊ कापडात गुंडाळून दारव्ह्याला मावशीकडे पोचवली, तिच्या शालू-पैठणीच्या कपाटात. मावशीने काय आहे ते विचारलं. "यवतमाळ आहे," म्हटलं, आणि तिने ते वरच्या खणात ठेवलं.

त्यानंतरच पहिली डिस्क काढली. तिसऱ्या कप्प्यातली, थरथरणारी. कप्प्याचा आणि डिस्कचा क्रमांक कागदावर लिहिलेला, पुन्हा वाचून पाहिलेला, कारण चुकून शेजारचीला हात लागला तर काय होईल याचा विचारही नको. आधी यंत्राला सांगून तिला उतरवलं, मग कप्पा फक्त बोटभर ओढला आणि थांबले. आतली तबकडी फिरत असताना डिस्क हातात घेतली आणि मनगट वळवलं, तर ती वळू देत नाही. आतून हलकेच विरोध करते, तिची दिशा ती सोडत नाही. वाचणारं टोक तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, अशा वेळी हिसका बसायला नको. आवाज उतरत गेला, पुसट झाला, थांबला. तेव्हा ती बाहेर घेतली. कोमट होती. इतकी वर्षं तिने किती लग्नं, किती तेराव्याचे फोटो धरून ठेवले, आणि आता एकटी बाहेर आल्यावर तिच्यावरून एकही चेहरा वाचता येणार नव्हता; तिच्याजवळ तुकडे होते आणि बाकीचे तुकडे तिघींजवळ.

नवी सरकवली. डब्याच्या कपाळावरचा दिवा केशरी झाला आणि काम सुरू झालं.

त्या रात्री मी खाली दुकानातच अंथरूण घातलं. यूपीएस नवा होता, तरी जीव राहीना. तीन डिस्क अखंड वाचत होत्या आणि एक लिहीत होती, आणि दुपारच्या त्या ओळखीच्या जागं होण्यापेक्षा हा आवाज अगदी वेगळा होता, न थांबणारा, दाणेदार, मधूनच दाट होणारा. आई शाल घेऊन खाली आली आणि माझ्याजवळ बसली. तिला झोप येत नाही हल्ली. वेळ घालवायला मी बाबांच्या पाकिटांची वही काढली, ज्यात तारखा आहेत पण नावं नाहीत. नावं बाबांच्या डोक्यात होती आणि ती त्यांच्याबरोबर गेली. मी एकेक छापील प्रिंट दाखवत गेले. "हा कोण?" आईला नाव येईना, पण तो पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये होता एवढं आठवलं. सकाळी काकांना फोन केला. त्यांना जिनिंग आठवलं नाही, पण तो बाबांबरोबर शाळेत होता आणि त्याचा भाऊ वणीला वकील होता हे आठवलं. वणीच्या वकिलांच्या घरी विचारलं तेव्हा नाव मिळालं. नावापर्यंतची पूर्ण वाट कुणा एकाजवळ नव्हती. वहीत तारखेपुढे ते नाव मी पेन्सिलीने लिहिलं, बाबा तारखा लिहायचे तसं.

सकाळी दिवा हिरवा होता. मग एकेक रात्र एकेक डिस्क. चौथी झाल्यावर यंत्राने विचारलं, जागा वाढवू का? हो म्हटलं. नऊचे चोवीस झाले. 1956 साली आयबीएमने बाजारात आणलेली पहिली हार्ड डिस्क पन्नास तबकड्यांची, जवळजवळ टनभर वजनाची होती आणि तिच्यावर पन्नास लाख अक्षरं मावत. भावाच्या कॅमेऱ्यातला एक फोटोही तिच्यावर बसला नसता.

एकही फाइल गेली नाही. ठसे पुन्हा ताडून पाहिले, सगळे जुळले. नव्या डिस्क जाग्या होताना जरा जास्त खर्जात बोलतात. माझ्या कानाला त्यांची सवय व्हायची आहे.

तुमच्याही दुकानात असा डबा असेल, किंवा घरात मुलांच्या बारशापासूनचे फोटो एकाच जुन्या डिस्कवर असतील, तर ती डिस्क चालते आहे तोवर तिची दुसरी प्रत करा, उघडून बघा, दुसऱ्या गावी नातलगाकडे ठेवा, आणि त्यानंतरच मोठ्या डिस्कचं बघा. फोटोतल्या माणसांची नावं घरातल्या म्हाताऱ्यांना याच वर्षी विचारून घ्या. आणि डिस्क बदलायचं काम दिवाळी ते शिवरात्र या दिवसांत उरका. उन्हाळ्यात आपल्याकडे लाईन जाते.